जुन्या मोटारीचा लपंडाव



वैद्यकाच्या ग्रंथांत तापाचे जे अनेक प्रकार वर्णिलेले आहेत, त्यांत पाळीचा ताप हा वैद्याचीच परीक्षा पाहणारा म्हणून प्रसिद्ध आहे. आज ताप चढतो, उद्यां उतरतो, परवां पुन्हां चढतो. रोगी नेमका उतारीच्या दिवशीं दवाखान्यांत जातो. नाडी स्वस्थ, जीभ स्वच्छ, अंग थंड! “तुम्हांला कांहींएक झालेलें नाहीं,” असें सांगून त्याची बोळवण होते. आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं तोच रोगी दांतावर दांत आपटीत पांघरुणांत शिरतो. १८८० सालीं लाव्हराँ ह्या फ्रेंच डॉक्टरानें अशा रोग्याच्या रक्तांत हिंवतापाचे जंतु पाहिले, आणि त्यानंतर ताप अंगांत असतांना रक्त तपासण्याची वहिवाट पडली. रोग प्रकट असेल त्याच क्षणीं त्याला गांठावें, हा त्यांतील मुख्य धडा.

जुन्या मोटारीलाही असाच पाळीचा ताप येत असतो. सकाळीं किल्ली फिरवितांच इंजिन गुरगुरूं लागतें. दुपारीं बाजारांतून परततांना तीच किल्ली फिरवावी, तर एक ‘टक्’ असा आवाज होतो आणि पुढें सारी सामसूम. मेकॅनिकला बोलावून आणावें, तर त्याच्या देखत गाडी पहिल्याच हांकेला ओ देते. मालक खजील होतो, मेकॅनिक हंसतो, आणि कांहींतरी केल्याचें समाधान व्हावें म्हणून एखादा भाग बदलला जातो. आठ दिवसांनीं पुन्हां पहिले पाढे पंचावन्न. ह्या लपंडावाचा माग कसा काढावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मी मोटारविद्येंतील पदवीधर नव्हे. छत्तीस वर्षें मुलांना गणित आणि विज्ञान शिकविलें, एवढीच माझी शिदोरी. परंतु ज्या कोड्याविषयीं मी बोलणार आहें, त्याला मोटारविद्येपेक्षां नीट पाहण्याची, मांडण्याची आणि वजाबाकी करण्याची गरज अधिक आहे.

प्रथम ज्या गाडीचें उदाहरण मी घेणार आहें, तिची कुळकथा थोडक्यांत सांगतों. शेठ वालचंद हिराचंद ह्या सोलापूरच्या उद्योगपतींनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि तिचा कारखाना मुंबईंत कुर्ल्यास उभा राहिला. तेथें इटलीच्या फियाट कंपनीच्या आराखड्यावरून जी छोटी गाडी तयार होऊं लागली, तीच पुढें १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ ह्या नांवानें ओळखली जाऊं लागली. चार सिलिंडरांचें, १,०८९ घन सेंटिमीटरांचें तिचें इंजिन मुंबईच्या दोन पिढ्यांच्या कानांत बसलेलें आहे. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानें तर ती मुंबईची ओळखच झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळें, आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयांत २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेलेली असल्यामुळें, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ह्या टॅक्सीनें मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. खासगी मालकांच्या कांहीं पद्मिनी मात्र अद्यापि धांवत आहेत. पंधरा वर्षांनंतर तपासणी करून घेऊन दर पांच वर्षांनीं नोंदणी वाढवून घेतां येते, हें ज्यांना ठाऊक आहे आणि ज्यांचा जीव गाडींत गुंतला आहे, असे लोक त्या सांभाळून आहेत.

असेच एक गृहस्थ कामोठ्याला आमच्या इमारतींत राहतात. वय पंचाहत्तरीच्या पुढें. त्यांची उमेद कुर्ल्याच्या त्याच कारखान्यांत गेली, आणि १९९२ सालीं तेथलीच पद्मिनी त्यांनीं हप्त्यांनीं घेतली. इमारतींत आम्ही सारे त्यांना तात्या म्हणतों. तात्यांना ही गाडी केवळ हौसेसाठीं हवी असती, तर मी हें भाषण केलें नसतें. त्यांच्या पत्नीचीं मूत्रपिंडें निकामी झालीं असून आठवड्यांतून दोनदां त्यांना डायलिसिससाठीं हॉस्पिटलांत न्यावें लागतें. चार तास यंत्राला जोडून पडलेलें तें माणूस बाहेर येतें, तेव्हां त्याच्या अंगांत उभें राहण्याचें त्राण नसतें. रक्तदाब उतरलेला, डोळ्यांपुढें अंधारी. मागच्या लांब बाकावर त्यांना आडवें करून तात्या घरीं आणीत. गेल्या वर्षीं ऐन वैशाखांत ही गाडी हॉस्पिटलच्या दारांत अडूं लागली. पत्नी उन्हांत खांबाला टेकून बसलेली, आणि हा म्हातारा धक्का मारण्यासाठीं येणाऱ्याजाणाऱ्यांची विनवणी करीत फिरणारा. हें एकदां नव्हे, चारपांच वेळां झालें. मुलगा म्हणूं लागला, “बाबा, भंगारांत द्या आतां ती.” तात्या मजपाशीं येऊन म्हणाले, “मास्तर, गाडी मोडली असती तर दुःख नव्हतें. ही खोटें बोलते हो!”

तोंवर खर्च कांहीं थोडा झाला नव्हता. एकानें बॅटरी नवी बसविली. दुसऱ्यानें सेल्फची मोटार उतरवून तिचें वाइंडिंग नवें करून दिलें. तिसऱ्यानें किल्लीचा स्विच बदलला. मिळून पंधरा हजारांच्या वर रुपये गेले आणि खोड जशीच्या तशी राहिली. ह्या मंडळींना मी लबाड म्हणणार नाहीं. त्यांच्यासमोर गाडी सुरू होत होती. चालत्या गाडींतला दोष दाखविण्याची विद्या कोणापाशींच नसते. शिवाय आपण गिऱ्हाइकें नव्या भागाचे पैसे मुकाट्यानें देतों, पण तासभर नुसतें तपासून “दोष येथें आहे” असें सांगणाराला पन्नास रुपये देतांना आपला हात आखडतो. मग तो बिचारा भाग न बदलील तर काय करील?

आतां मूळ विषयाकडे वळतों.

इंजिन सुरू होण्याच्या क्रियेंत दोन निरनिराळ्या पायऱ्या आहेत, आणि अर्ध्याहून अधिक घोटाळा त्या दोन पायऱ्या एक समजल्यानें होतो. पहिली पायरी म्हणजे इंजिनाला बाहेरून फिरविणें. पूर्वीं हें काम हातानें हँडल मारून करीत. अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग ह्या यंत्रज्ञानें विजेचा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडींत तो प्रथम बसविला गेला. तेव्हांपासून हें काम बॅटरी आणि एक लहानशी पण जबरदस्त मोटार करूं लागली. आपले मेकॅनिक तिला ‘सेल्फ’ म्हणतात. दुसरी पायरी म्हणजे फिरूं लागलेल्या इंजिनानें पेट घेणें. त्यासाठीं पेट्रोल व हवा ह्यांचें योग्य मिश्रण, तें दाबलें जाणें, आणि ऐन वेळीं प्लगवर ठिणगी पडणें, ह्या तीन गोष्टी जुळाव्या लागतात.

तेव्हां गाडी अडली म्हणजे पहिला प्रश्न असा : इंजिन फिरतच नाहीं, कीं फिरतें पण पेटत नाहीं? कानांनीं ऐकून ह्याचें उत्तर कोणालाही देतां येतें. ‘घर्र घर्र’ असा आवाज होऊन इंजिन फिरत राहिलें आणि पेटलें नाहीं, तर दोष पेट्रोलाकडे किंवा ठिणगीकडे. नुसता ‘टक्’ झाला, किंवा तोही झाला नाहीं, तर पेट्रोल, प्लग, कार्बुरेटर ह्यांना हात लावण्याचें कांहींएक कारण नाहीं. आपल्याकडे प्रत्यक्षांत मात्र गाडी कशीही अडो, पहिला पाना प्लगलाच लागतो.

फिरतें पण पेटत नाहीं, ह्या दुसऱ्या प्रकाराविषयीं दोन शब्द सांगून ठेवतों. जुन्या गाड्यांत ठिणगीचें काम पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल ह्यांच्याकडे असतें. बॅटरीचे बारा व्होल्ट कॉइल वीस हजारांच्या घरांत नेते, आणि ज्याला गॅरेजच्या बोलींत ‘डेल्को’ म्हणतात तो डिस्ट्रिब्यूटर ती ठिणगी चारी सिलिंडरांत पाळीपाळीनें वांटतो. ह्यांपैकीं कंडेन्सर आणि कॉइल हीं दोघें उष्णतेचीं वैरी. थंड असतांना निर्दोष, तापलीं कीं रुसलीं, आणि अर्ध्या तासानें निवलीं कीं पुन्हां साळसूद. पेट्रोलाच्या बाजूलाही उन्हाळ्यांत असाच प्रकार घडतो. तापलेलें इंजिन बंद केल्यावर त्याची उष्णता कार्बुरेटराकडे चढते, नळींतल्या पेट्रोलाची वाफ होते, आणि पंपाला ओढण्यासारखें द्रव उरत नाहीं. अलीकडे पेट्रोलांत शेंकडा २० पर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. तें हवेंतील ओलावा शोषून घेतें, आणि जुन्या धाटणीच्या रबरी नळ्यांना व पंपाच्या पडद्याला सोसत नाहीं. म्हणून जुन्या मोटारीच्या मालकानें ह्या नळ्या मऊ पडल्या आहेत कीं चिरल्या आहेत, हें वर्षांतून एकदां तरी पाहावें. ठिणगी तपासावयाची तर पेट्रोलाचा वास येत नाहीं अशी खात्री करूनच तपासावी.

आतां पहिल्या प्रकाराकडे येऊं : इंजिन फिरतच नाहीं. येथें एक बिनपैशाची परीक्षा आहे. गाडी न्यूट्रलमध्यें घालावी, हातब्रेक ओढावा, पुढचे दिवे लावावे आणि मग किल्ली फिरवावी. दिवे एकदम विझले किंवा अगदीं मिणमिणूं लागले, तर बॅटरी दुबळी झाली आहे किंवा तिच्या टोंकांवरच्या पकडी सैल वा गंजलेल्या आहेत. दिवे मंद झाले आणि सेल्फही कण्हत कण्हत फिरला, तर बॅटरी अर्धपोटीं आहे, नाहींतर मोटार आंतून जड झाली आहे. परंतु दिवे जवळजवळ पूर्वीसारखेच प्रकाशत राहिले आणि सेल्फ मात्र ढिम्म हलला नाहीं, तर बॅटरींत जोर आहे. तो मोटारीपर्यंत पोंचत नाहीं. मग दोष वाटेंत कोठेंतरी असला पाहिजे, किंवा मोटारींत.

वाट म्हटली म्हणजे जाण्याची आणि परतीची अशा दोन वाटा आल्या, आणि मोटारीच्या बाबतींत परतीच्या वाटेचा सर्वांना विसर पडतो. घरांतील दिव्याला दोन तारा असतात. मोटारींत बहुतेक ठिकाणीं एकच तार दिसते, कारण परतीचें काम गाडीचा लोखंडी सांगाडा करतो. ह्यालाच मेकॅनिक ‘अर्थिंग’ म्हणतात. बॅटरीचें ऋण टोंक सांगाड्याला जोडलेलें असतें. परंतु इंजिन सांगाड्यावर रबराच्या पायांवर बसविलेलें असतें, म्हणजे धडधड आंत बसणाऱ्यांना जाणवूं नये. रबरांतून वीज जात नाहीं. म्हणून इंजिन आणि सांगाडा ह्यांच्यामध्यें तांब्याच्या बारीक तारांची विणलेली एक पट्टी मुद्दाम जोडलेली असते. सेल्फची मोटार इंजिनाच्या अंगावर घट्ट बसलेली. तिच्यांतून गेलेला सारा प्रवाह ह्या एका वीतभर पट्टींतून परततो. गाडीच्या पोटाखालीं, तेलाच्या आणि चिखलाच्या लेपांत ती झांकलेली असते. कामोठ्यासारख्या ठिकाणीं, जेथें खाडी हांकेच्या अंतरावर आणि पावसाळ्यांत भिंतींनासुद्धां घाम सुटतो, तेथें तिच्या बोल्टांवर गंज किती लौकर चढत असेल, हें सांगावयास नको.

तात्यांच्या गाडीला मात्र मी हातसुद्धां न लावतां प्रथम एक शंभर पानी वही आणविली. तिच्यांत रकाने आंखले : तारीख व वेळ, गाडी थंड होती कीं तापलेली, किती वेळ उभी होती, सेल्फ फिरला काय, दिवे कसे होते, शेवटीं कशानें सुरू झाली, आणि इतर कांहीं दिसलें तें. प्रत्येक वेळीं किल्ली फिरविली कीं नोंद करावयाची. गाडी सुरळीत सुरू झाली तरी करावयाची, हा नियम सर्वांत महत्त्वाचा. ज्या वेळीं ताप नव्हता त्या वेळांची नोंद नसेल, तर ताप कशानें येतो तें कळणार कसें? नोंदी ठेवण्याचें काम तात्यांच्या नववींत शिकणाऱ्या नातीनें पत्करलें. सुट्टीचे दिवस होते. आजीबरोबर ती हॉस्पिटलांत जातच असे.

एकवीस दिवसांत ५८ नोंदी झाल्या. त्यांपैकीं नऊ वेळां गाडीनें नकार दिला होता. वही पुढें ठेवून आम्ही वजाबाकी करूं लागलों.

नऊही वेळीं सेल्फ फिरलाच नव्हता. ‘फिरतें पण पेटत नाहीं’ असें एकदांही घडलें नव्हतें. एवढ्यानें पेट्रोल, कार्बुरेटर, प्लग, पॉइंट, कंडेन्सर हे सारे आरोपी निर्दोष सुटले. नऊही वेळीं दिवे चांगले प्रकाशत होते. म्हणजे बॅटरीही सुटली, आणि जुनी बॅटरी बिचारी उगाचच घरांतून हांकलली गेली होती. पहाटे पहिल्यानें सुरू करतांना एकदांही अडचण आली नव्हती. नकार जो मिळाला तो गाडी चालवून आणल्यावर, कोठेंतरी उभी करून, पुन्हां निघतांना. तेव्हां चालण्यानें, हादऱ्यानें किंवा उष्णतेनें ज्याची स्थिति बदलते असा कांहीं दोष असला पाहिजे. तापलेल्या तांब्याचा विरोध दर अंशाला सुमारें शेंकडा ०.४ नें वाढतो, म्हणजे साठ अंशांनीं तो जवळजवळ चवथाईनें चढतो. पण चवथाईच्या फरकानें मोटार दुबळी होईल. ती मुळींच न हलावी इतका कांहीं तो फरक नव्हे. म्हणून एकट्या उष्णतेवर माझा विश्वास बसेना.

नऊही वेळीं धक्का मारतांच गाडी तत्काळ सुरू झाली होती. ह्या नोंदींत एक सुंदर गणित दडलेलें आहे. ठिणगीच्या मंडलाला अवघा चार अँपिअर प्रवाह पुरतो; सेल्फला दीडशें अँपिअर किंवा त्याहूनही अधिक लागतो. समजा, वाटेंत कोठें गंजामुळें ओहमच्या एक दशांशाइतका विरोध उत्पन्न झाला आहे. चार अँपिअर त्यांतून जातांना चार दशांश व्होल्ट खर्ची पडतील. बारांतून तेवढे गेले तर ठिणगीला पत्ताही लागणार नाहीं. पण दीडशें अँपिअर त्यांतून न्यावयाचे म्हटलें, तर पंधरा व्होल्ट लागतील. बॅटरीपाशीं मुळांत बाराच आहेत! म्हणजे तेवढा प्रवाह त्या वाटेनें जाणेंच शक्य नाहीं. पायवाटेनें एक माणूस सुखानें जातो. त्याच वाटेनें वऱ्हाड नेऊं म्हटलें तर तें अडतें, तसाच हा प्रकार.

आणि शेवटच्या रकान्यांत, दोन ठिकाणीं, त्या मुलीनें आपल्या बाळबोध अक्षरांत लिहिलें होतें : “चोकची दांडी कोमट लागली.” किल्ली फिरवूनही गाडी अडली, तेव्हां चोक नीट आंत आहे ना, हें पाहण्यासाठीं तिनें दांडीला हात लावला होता. तें वाक्य वाचतांच मला मोठा आनंद झाला. चोकची दांडी म्हणजे गाडीच्या फळीपासून कार्बुरेटरापर्यंत गेलेली एक साधी पोलादी तार. विजेशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. मग ती तापली कशानें? परतीचा राजरस्ता मोडल्यामुळें इंजिनांत अडकून पडलेला प्रवाह मिळेल त्या आडवाटेनें सांगाड्याकडे परतूं पाहत होता, आणि चोकच्या बारीक तारेंतून धांवत होता, ती तापणारच. इंजिन आणि सांगाडा ह्यांच्यामधील जोड तुटला आहे, हें त्या चार शब्दांनीं जवळजवळ सिद्धच केलें.

तरीही तर्क तो तर्कच. त्याला मोजमापाची साक्ष हवी. येथें मीटराची पाळी आली. बाजारांत चारपांचशें रुपयांना मिळणारा साधा मल्टिमीटर ह्या कामीं पुरतो. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असतांना सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते, आणि १२.२ दाखवूं लागली म्हणजे ती अर्धी रिकामी झालेली असते. परंतु स्वस्थ बॅटरीच्या मापावरून ह्या रोगाचें निदान होत नाहीं. माप घ्यावयाचें तें किल्ली फिरविलेली असतांना, आणि तेंही गाडी नकार देत असेल त्याच क्षणीं. आमच्या रस्त्यावरच्या एका तरुण मेकॅनिकला मी वही दाखविली. त्यानें ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाला, “सर, आतां गाडी अडेल तेव्हां मला फोन करा. बंद गाडी मला पाहिजे, चालती नको.” लाव्हराँच्याच शाळेंतला हा विद्यार्थी!

दहावा नकार चौथ्या दिवशीं इमारतीच्या दारांतच मिळाला. मुलगा धांवत आला. तात्यांनीं किल्ली फिरवून दोनतीन सेकंद धरावी, आणि त्यानें माप घ्यावें, असें ठरलें. बॅटरीच्या दोन टोंकांमध्यें ११.७ व्होल्ट; म्हणजे बॅटरी ठणठणीत. बॅटरीचें ऋण टोंक आणि गाडीचा सांगाडा ह्यांच्यामध्यें अवघा एक दशांश; ती वाटही मोकळी. मग त्यानें एक टोंक बॅटरीच्या ऋणाला ठेवून दुसरें इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावलें. मीटरावर ८.२ व्होल्ट! निर्दोष गाडींत हा आंकडा पाव व्होल्टाच्या आसपास असावयास हवा. साडेअकरांतून आठ व्होल्ट परतीच्या वाटेवरच गडप होत होते, आणि सेल्फच्या वांट्याला जेमतेम साडेतीन येत होते. एवढ्यावर ती मोटार काय फिरणार?

सांगाडा निर्दोष, इंजिनापाशीं दोष; मग मध्यें उरते ती एकच वस्तु. बॅटरीची ऋण पकड आधीं सोडवून त्यानें गाडीखालचा चिखल खरवडला आणि पट्टी काढली. सांगाड्याकडचा बोल्ट गंजून फुगलेला, कडीवर हिरवट किटण, आणि विणीच्या निम्म्याहून अधिक तारा तेलाच्या लेपाखालीं तुटलेल्या. उरलेल्या तारा इंजिन रबरावर जसें हलेल तशा कधीं टेंकत, कधीं सुटत. रात्रभर स्वस्थ उभ्या असलेल्या गाडींत त्या टेंकून राहत. रस्त्याचे खड्डे खाऊन आल्यावर कोठें कशा बसतील ह्याचा नेम नसे. गाडीच्या खोटेपणाचें सारें मूळ तेथें होतें.

नवी पट्टी दोनशें रुपयांना मिळाली. ती बसवितांना दोन्हीं ठिकाणचा रंग आणि गंज घांसून चकचकीत धातु उघडा केला, दातेरी वायसर घालून बोल्ट आवळला, आणि मग वरून ग्रीस फांसलें. इंजिन फिरत असतांना तेंच माप पुन्हां घेतलें : ०.२ व्होल्ट. मेकॅनिकला मी तपासणीचे म्हणून निराळे पांचशें रुपये देवविले. तो घेईना, “काम दहा मिनिटांचें होतें” म्हणाला. दहा मिनिटें पट्टीचीं आणि बाकीचे पैसे वही वाचल्याचे, असें सांगून ते मीं त्याच्या खिशांत घातले.

येथें कोणी विचारील, दोष गेला हें कशावरून? असल्या लपंडावांत गाडी एकदां सुरू झाली म्हणजे बरी झाली असें मानणें ही फसगत आहे. ५८ पैकीं नऊ नकार, म्हणजे स्थूलमानानें साडेसहांत एक. दोष तसाच राहिला आहे असें धरलें, तरी नुसत्या योगायोगानें ओळीनें दहा वेळां गाडी सुरू होण्याचा संभव शेंकडा अठरा येतो. म्हणजे दहा वेळांचें यश हें पुराव्याला अपुरें. ओळीनें तीस वेळां ती सुरू झाली, तर तो संभव शेंकडा एकाच्याही खालीं जातो. म्हणून त्या मुलीला मीं आणखी तीस नोंदी होईपर्यंत वही चालू ठेवावयास सांगितली, आणि तिला हें गणित करून दाखविलें. तिसाच्या तीसही वेळां गाडी निमूटपणें सुरू झाली. त्यानंतरच तात्यांनीं पत्नीला तींतून एकट्यानें नेण्यास सुरुवात केली. तोंवर त्यांचा मुलगा रजा काढून बरोबर जात असे.

आतां ज्यांच्या दारांत अशी जुनी गाडी आहे, त्यांच्यासाठीं सावधगिरीच्या कांहीं गोष्टी सांगतों. किल्ली एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक फिरवून धरूं नये; मध्यें मिनिटभर तरी विसावा द्यावा. स्टार्टरच्या दोन टोंकांना पाना टेंकवून ठिणग्या पाडण्याची जी रीत कांहीं ठिकाणीं दिसते, ती घातक आहे. गाडी गिअरमध्यें असेल तर ती अंगावर येते. बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो, म्हणून तिच्यावर वांकून विडी ओढूं नये कीं काडी पेटवूं नये. पकडी सोडवितांना ऋण आधीं सोडवावी, जोडतांना ती शेवटीं जोडावी, आणि हातांतली अंगठी व मनगटांतलें घड्याळ काढून ठेवावें. चोकची किंवा मीटराची तार तापते आहे असें दिसलें, तर वारंवार किल्ली फिरवीत बसूं नये. तिच्यावरचें आवरण वितळून आग लागण्याचें भय असतें.

आणि एक गोष्ट. प्रत्येक गाडीचा दोष परतीच्या पट्टींतच सांपडेल, असें माझें म्हणणें नाहीं. कोणाच्या गाडींत तो किल्लीच्या स्विचांत असेल, कोणाच्या सोलेनॉइडच्या झिजलेल्या तांब्यांत, कोणाच्या बॅटरीच्या पकडींत. त्याच्याकडे नेणारी वाट मात्र एकच राहील. फिरत नाहीं कीं पेटत नाहीं, हें आधीं ठरवा. दिवे पाहा. चांगल्या आणि वाईट दोन्हीं वेळांची नोंद ठेवा. गाडी अडलेली असतांनाच मापें घ्या, आणि तोंवर एकही भाग बदलूं नका. मेकॅनिककडे जातांना वही बरोबर न्या, आणि तो ती वाचील तर त्या वाचण्याचे पैसे त्याला द्या.

तात्यांची नात यंदां दहावींत आहे. डायलिसिसच्या दिवशीं आजीचा रक्तदाब, वजन आणि प्यायलेलें पाणी ह्यांची नोंद ती आतां त्याच वहीच्या मागच्या बाजूनें करते, आणि हॉस्पिटलांतले डॉक्टर ती वही मागून घेऊन वाचतात.